चेनला मेण लावायचंय – गरम करून की बाटलीतलं?

उनाड_आरी
मंडळी, चेनच्या मेणाचा कुणाला नीट अनुभव आहे का? थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझी ११ गिअरची रोड सायकल. आत्तापर्यंत तेलच घालत आले, दर आठवड्याला चेन पुसायची आणि एकेका रोलरवर थेंब सोडायचा, त्यात कधी आळस केला नाही. तरी २,१०० किमीला चेन चेकरचा (झीज मोजायच्या पट्टीचा) ०.५ टक्क्याचा दात सरळ आत गेला, म्हणजे चेन बदला. फेकायच्या आधी राहवलं नाही म्हणून चेन टूलने एक पिन बाहेर काढून बघितली. बाहेरून चेन इतकी चकचकीत की बोट काळं होत नव्हतं आणि आतल्या पिनेवर काजळासारखा दाट लेप. दोन बोटांत चोळला तर कचकच लागली. पिन पुसून उजेडात धरली तर एका अंगाने घासून सपाट झालेली, नख फिरवलं की पायरी लागते. ते बघितल्यापासून तेलावरून मन उडालंय.

म्हणून नवी चेन आणली आणि सोबत बाटलीतलं मेणाचं ल्युब, म्हणजे वंगण. चेन पुसली, थेंब सोडले, रात्रभर वाळू दिलं, सगळं बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. १५० किमी पण झाले नाहीत तोवर जॉकी व्हीलवर (मागच्या गिअरखालच्या छोट्या दातेरी चाकांवर) काळ्या चिकट वळ्या जमल्या आणि चेन कुरकुरायला लागली. तेल तरी बरं होतं म्हणायची वेळ आली.

आता मला सांगा, बाटलीतलं मेण म्हणजे असंच असतं का? वितळवलेल्या मेणात चेन बुडवतात ते खरंच इतकं वेगळं आहे का? आणि घरी करायचं तर कुठलं मेण घ्यायचं?

खटखट
एकच विचारतो. नवी चेन पुसली म्हणजे नेमकी कशाने पुसली?

उनाड_आरी
सुती कापडाने, दोनदा. डिग्रेझर लावलं नाही, नवीच तर होती.

खटखट
मग मेणाला बोल लावू नका ताई. नव्या चेनवर कारखान्यातून ग्रीस लावलेलं येतं, वंगण म्हणून आणि डब्यात पडून गंजू नये म्हणून. ते चिकट असतं आणि नुसतं वरून नसतं, प्रत्येक पिनेच्या भोवती, रोलरच्या आत, दोन पट्ट्यांच्या मधे ठासून भरलेलं असतं. कापडाने फक्त वरचं जातं. तुम्ही त्यावर मेण सोडलंत, मेणाला लोखंड मिळालंच नाही, ग्रीसवरच बसलं. मग दोन्ही कालवून चिकट लगदा झाला, त्यावर धूळ, आणि त्या झाल्या तुमच्या वळ्या. तेल आणि मेण एका घरात नांदत नाहीत हे आधी लक्षात ठेवायचं, बाकी सगळं नंतर.

चेन स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ ते सांगतो. झाकणाची काचेची बरणी घ्या, चेन बुडेल इतकं मिनरल टर्पेन्टाईन ओता, पाच मिनिटं खळखळून हलवा. पहिलं पाणी (पाणी म्हणतो पण टर्पेन्टाईनच) चहाच्या रंगाचं किंवा काळं निघेल. बदला. परत हलवा. नव्या चेनला माझी तीन-चार पाणी लागतात, वापरलेलीला सहा सुद्धा लागली आहेत. शेवटचं पाणी बरणीतून पलीकडचं दिसेल इतकं स्वच्छ राहिलं पाहिजे. मग टर्पेन्टाईनचाही पातळ थर मागे राहतो, तो काढायला अल्कोहोलमधे दोनदा. आयसोप्रोपिल किंवा डीनेचर्ड स्पिरिट, दोन्ही चालतं. वाळली की चेन कानाजवळ धरून हलवा. तेलकट चेन मुकी असते, धुतलेली चेन छनछन वाजते. तो आवाज एकदा ऐकलात की परत विचारावं लागणार नाही.

आणि चेन एकटीच धुवून भागत नाही. कॅसेट (मागची दातेरी चाकं), चेनरिंग (पायडलजवळचं दातेरी चाक), जॉकी व्हील यांच्यावर जुनं तेल राहिलं तर पहिल्याच फेरीत ते चेनवर येतं.

पाटा
खटखट यांना +१. माझं अगदी हेच झालं होतं, शब्द न् शब्द.

दमादमाने
थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

मी पंधरा वर्षं तेलावर सायकल चालवतोय. टर्पेन्टाईन, अल्कोहोल, बरण्या, मेणाचं पातेलं, हे सगळं बघून नव्या माणसाला वाटेल की सायकल चालवणं हा रसायनशाळेचा विषय आहे. तेलाची खरी चूक कुठे होते तर लोक घालतात भरपूर आणि पुसतात कमी. तेल रोलरच्या आत हवं, बाहेर थेंबभर सुद्धा नको. घातलं, पायडल उलटं फिरवलं, दहा मिनिटं थांबलं, मग कोरड्या कापडात चेन धरून कापड डाग धरेनासं होईपर्यंत पुसलं, एवढं केलं तर माझ्या ९ गिअरच्या चेन आरामात ४,००० किमी जातात. शिवाय पाऊस लागला तर तेल टिकतं, मेण टिकत नाही. रोज ऑफिसला सायकल नेणाऱ्याने मेण का लावावं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उनाड_आरी
दमादमाने काका, तुम्ही म्हणता तसंच पुसत होते हो. कापड डाग धरेनासं होईपर्यंत. पण पिनेवरची ती कचकच कापडाने कशी निघणार, ती आत होती.

रेघोट्या
इथे जरा आकडे मांडतो म्हणजे आत काय चाललंय त्याचा अंदाज येईल.

चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिमी. ०.५ टक्के झीज म्हणजे एका सांध्याला ०.०६३५ मिमी. साधारण केसाच्या जाडीएवढी! तेवढी झीज प्रत्येक सांध्यात झाली की २४ सांध्यांचं अंतर, जे नव्या चेनमधे ३०४.८ मिमी असतं, ते ३०६.३ मिमी होतं. ११-१२ गिअरला इथेच चेन बदलायची, १० आणि त्याखालच्यांना ०.७५ पर्यंत चालतं. दमादमाने यांच्या ४,००० किमीमागे हे पण एक कारण आहे, त्यांची मर्यादाच दीडपट सैल आहे.

'चेन ताणली' म्हणतात ते खरं तर चूक आहे. पट्ट्या ताणत नाहीत. पिन आणि तिला धरणारी आतली कड, हे दोन घासून बारीक होतात आणि सांध्यात फट पडते. ११६ सांध्यांची चेन म्हणजे ११६ छोट्या बिजागऱ्या, त्यात तेलाबरोबर बारीक वाळू गेली की पॉलिश पेपरने घासल्यासारखंच. तेल पातळ असल्यामुळे ते बाहेरची धूळ घेऊन परत आत जात राहतं. मेण घट्ट असतं, वाळूला आत यायला वाटच कमी. मेणाचा सगळा फायदा एवढ्यातच आहे, वॅट-बिट वाचतात ते वेगळं.

दमादमाने
रेघोट्या, ९ आणि ११ चा मुद्दा मान्य. तो माझ्या डोक्यात आला नव्हता.

चिमणचारा
लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत पावसात काऊचं शेणाचं घर वाहून गेलं आणि चिऊचं मेणाचं टिकलं. आणि इथे सगळे म्हणतायत पावसात मेण टिकत नाही. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती आता चिऊची काळजी करत बसलीये 🙂

खटखट
चिमणचारा 😄 चिऊला सांगा घर टिकलंय, फक्त दाराच्या बिजागऱ्या गंजल्या आहेत. खरंच तसंच होतं. पाण्याने मेण वितळत नाही, पण चाक फिरताना पाण्याचा मारा त्याला सांध्यातून हळूहळू बाहेर ढकलतो, आणि मेण गेलं की उघडं लोखंड. तेल निदान पसरून गंज अडवतं. मेणाची चेन ओली करून घरी आलात आणि तशीच रात्रभर ठेवलीत तर सकाळी पट्ट्यांच्या कडांना भगवी रेघ हजर असते.

संथवाहिनी
गरम मेणाचं मी सांगते, तीन वर्षं दुसरं काही वापरलेलं नाही.

मेण: पूर्ण शुद्ध केलेलं पॅराफिन घ्यायचं. त्यात तेलाचा अंश अगदी कमी असतो म्हणून ते कडक आणि कोरडं राहतं. साधारण ५५ ते ६५ डिग्रीला वितळणारं. अर्धा किलो एका चेनला पुरून उरतं, आणि तेच मेण दहा-बारा वेळा वापरता येतं.

भांडं: पार्लरमधे केस काढायच्या वॅक्ससाठी वापरतात तो छोटा वॅक्स हीटर मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही. आत काढता येणारं भांडं असतं, बाहेर तापमानाची चकती असते, आग नाही. तो नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचं छोटं पातेलं. मेणाचं पातेलं थेट गॅसवर कधीही ठेवायचं नाही, कधीही म्हणजे कधीही नाही. आणि ते भांडं परत स्वयंपाकाला घ्यायचं नाही.

कृती: जुनी स्पोक वाकवून आकडा करायचा आणि त्यात चेन एक आड एक घडीने ओवायची, म्हणजे गुंता होत नाही. मेण ८५-९० डिग्रीला आलं की चेन बुडवायची. आता इथे बघत राहायचं, मला हा भाग फार आवडतो. चेन गार असते म्हणून आधी तिच्याभोवती मेण पांढरं होऊन गोठतं, कवच झाल्यासारखं. मग ते कवच हळूहळू विरघळतं आणि सांध्यांमधून बारीक बुडबुडे वर यायला लागतात, आत अडकलेली हवा निघते ती. आकडा अधूनमधून हलवत राहायचं. बुडबुडे पूर्ण थांबले म्हणजे चेन मेणाइतकी तापली आणि हवेच्या जागी मेण बसलं. साधारण दहा-पंधरा मिनिटं. घड्याळ बघू नका, बुडबुडे बघा.

मग हीटर बंद. लगेच काढली तर मेण पाण्यासारखं पातळ असतं, सगळं निथळून जातं. ७० च्या आसपास येऊ द्यायचं, मग आकड्याने उचलून तसंच टांगून ठेवायचं. गार झाली की चेन काठीसारखी ताठ होते, घाबरायचं नाही. एखाद्या गोल दांड्यावरून दोन्ही दिशांनी ओढायची, एकेक सांधा कट कट करत सुटा होतो. मगच सायकलवर चढवायची. पहिले दहा-पंधरा किमी गिअर जरा जड पडतात आणि पांढरा भुगा गळतो, नंतर जो आवाज येतो, म्हणजे येतच नाही, त्यासाठी हे सगळं.

भर_उन्हात
संथवाहिनी ताईंनी छान लिहिलंय, त्यात एक भर घालतो कारण माझा हात थोडक्यात वाचलाय. अल्कोहोलमधून काढलेली चेन मी पाच मिनिटांत गरम मेणात घातली. सांध्यांमधे अल्कोहोल होतंच. ते ८२ डिग्रीच्या आसपास उकळतं, त्यामुळे मेण एकदम फसफसून भांड्याच्या काठाबाहेर आलं आणि मनगटावर उडालं. बाजूला ज्योत असती तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. चेन पूर्ण वाळवा, पंख्याखाली तासभर तरी. पाण्याची ओली चेन सुद्धा घालू नका, मेण १०० च्या वर गेलेलं असेल तर तडतडून उडतं.

आणि मेणाने कधी पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, झाकण टाकायचं आणि वीज किंवा गॅस बंद करायचा. झाकण आधीपासून हाताशी ठेवा.

उनाड_आरी
बापरे. भर_उन्हात, हात बरा आहे ना आता?

भर_उन्हात
हो हो, लगेच गार पाण्याखाली धरला होता. डाग पण राहिला नाही.

पाटा
दोन-तीन शंका एकदम विचारून घेतो. घरातल्या मेणबत्त्या वितळवल्या तर? मधमाशांचं मेण? आणि एका मित्राने सांगितलं की पेन्सिलीचं शिसं कुटून मेणात घाल, ग्रॅफाइट वंगणच असतं.

खटखट
साधी पांढरी, बिनवासाची मेणबत्ती चालून जाते, बहुतेक पॅराफिनच असतं, कडकपणासाठी त्यात स्टिअरिक ॲसिड घातलेलं असतं. वासाची किंवा रंगीत नको, वास म्हणजे तेल आणि ते तेल मेणाला मऊ करतं. मधमाशांचं मेण चिकट, बोटाला लागतं तसं धुळीला पण लागतं. हातात फक्त तेच असेल तरच.

पेन्सिल मात्र अजिबात नको. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर चिकणमाती भाजलेली असते, जितकी पेन्सिल कडक तितकी माती जास्त. म्हणजे वाळू बाहेर ठेवायला मेण आणायचं आणि आपल्या हाताने माती आत घालायची. शुद्ध ग्रॅफाइट पावडर वेगळी मिळते. तयार मेणात मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा टंगस्टन डायसल्फाइड घालतात, त्याने घर्षण अजून थोडं कमी होतं, पण हात आणि कपडे काळे होतात. पूर्वी पीटीएफई (टेफ्लॉन) घालायचे, आता बऱ्याच कंपन्यांनी ते काढून टाकलंय, निसर्गात ते वर्षानुवर्षं विघटन होत नाही म्हणून. मी स्वतः नुसतं पॅराफिन वापरतो. पहिल्या वर्षी मेणात काय घालायचं यापेक्षा चेन किती धुतली याकडेच लक्ष द्या.

दुचाकीस्वार
अवांतर विचारतो. हेच मोटरसायकलच्या चेनला केलं तर?

रेघोट्या
नको! मोटरसायकलच्या बहुतेक चेनमधे पट्ट्यांच्या मधे रबरी ओ-रिंग असतात आणि त्यांच्या आत ग्रीस कायमचं कोंडलेलं असतं. टर्पेन्टाईनने धुवून गरम मेणात घातली तर रबर खराब होईल आणि आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जाईल, मग ती चेन परत कशानेच नीट होणार नाही. तुमच्या चेनला तिच्या पुस्तकात लिहिलेलंच वंगण.

गिअरगप्पा
अवांतर निघालंच आहे तर थोडं जुनं. आपण जी रोलरची चेन वापरतो तिचं पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमधे घेतलं. स्वित्झर्लंडमधून आलेले गृहस्थ. त्यांच्या चेनमधे पिनेभोवती एक वेगळी नळी असायची, बुश, आणि तिच्याभोवती रोलर. आजच्या डिरेलर (गिअर बदलणाऱ्या सायकलच्या) चेनमधे ती वेगळी नळी नाही, आतल्या पट्ट्यांनाच उभी कड काढलेली असते आणि दोन कडांमधे फट राहते. त्यामुळे चेन आडवी वाकते, गिअर पटकन बदलतो, वंगण सहज आत शिरतं. आणि त्याच फटीतून धूळही शिरते. आपले आजोबा आठवा, त्यांच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर होतं. त्यांना मेण-तेल वाद घालायची गरजच नव्हती, चेनला धूळ दिसतच नव्हती.

दमादमाने
गिअरगप्पा, हे वाचून फार बरं वाटलं. वडिलांच्या सायकलला तसंच कव्हर होतं, मागे एक छोटं झाकण, तेवढं उघडून तेल सोडायचं.

अखंड६००
लांब पल्ल्याचं सांगतो, कारण मेण म्हटलं की सगळे एकदिवसीय राईडवरच बोलतात.

मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड. ६०० किमी, ४० तासांची मुदत. गरम मेण एका बुडवणीत माझं ३०० ते ३५० किमी कोरड्या रस्त्यावर जातं. संपत आलं की तेलासारखं हळूहळू कळत नाही, आवाज बदलतो. आधी कुजबुज, मग तासाभरात चिवचिव. तेव्हा गरम मेणाचं भांडं कुठे शोधणार. म्हणून माझी पद्धत अशी की बेस गरम मेणाचा आणि वाटेत बाटलीतलं मेण. बाटलीतलं म्हणजे बारीक मेणाचे कण पाण्यात मिसळलेले, पाणी उडून गेलं की मेण आत राहतं. त्याला वाळायला वेळ हवा, घालून लगेच निघालात तर अर्धं रस्त्यावर शिंपडलं जातं. मी २५० च्या आसपास जिथे झोपतो तिथे आधी कापडाने चेन पुसून मेण सोडतो आणि मग आडवा होतो. दोन-तीन तास मिळतात, पुरतात.

धागाकर्तीला म्हणून सांगतो, ती बाटली टाकू नका. तुमचं मेण वाईट नव्हतं, जागा चुकली होती. स्वच्छ चेनवर किंवा गरम मेणावर तेच उत्तम चालेल. फक्त बाटली गोठू देऊ नका, गोठली की पाणी-मेण फाटतं आणि परत एकजीव होत नाही.

रात्रभर पावसाचा अंदाज असेल तेव्हा मात्र मी मेणाचा हट्ट धरत नाही, दमादमाने यांच्या बाजूने येतो. तसल्या वेळी ओल्या हवामानाचं दाट तेल, घरी आलो की सगळं धुवायचं आणि परत मेण. दोन चेन ठेवल्या की हे सोपं जातं.

दमादमाने
हे पटलं. रोज भिजणाऱ्याला तेल, कोरड्यात लांब जाणाऱ्याला मेण, असं असेल तर माझं भांडणच नाही. ऑस्ट्रेलियातल्या झिरो फ्रिक्शन सायकलिंगच्या चाचण्या काल वाचल्या, ते चेन मशीनवर चालवतात आणि मधे मुद्दाम रेती आणि पाणी टाकून झीज मोजतात. बुडवलेलं मेण धुळीच्या टप्प्यात किती पुढे राहतं ते बघून मी गप्प बसलो. पण रोजच्या सायकलवर तेलच राहील माझं.

पाटा
क्विक लिंकचं (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या, काढता येणाऱ्या कडीचं) काय करता? दर ३०० किमीला चेन काढायची म्हणजे दर वेळी नवी?

संथवाहिनी
शिमानो आणि स्रॅमचं म्हणणं ११-१२ गिअरच्या क्विक लिंक एकदाच वापरायच्या. मेणवाले बरेच जण त्याच तीन-चारदा वापरतात. माझा नियम: लावताना जोर लागला आणि 'टक' असा स्पष्ट आवाज आला तर ठीक, हाताने सहज बसली की कचऱ्यात. कॉनेक्सच्या लिंक पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेल्या असतात, केएमसीच्या काही पुन्हा वापरायच्या आणि काही एकदाच, पाकीट बघून घ्यायचं. बाण असलेली असेल तर बाण चेन धावते त्या दिशेने.

अखंड६००
उतारावर लिंक सुटलेली मी डोळ्यांनी बघितली आहे, दुसऱ्याची. मी दोनपेक्षा जास्त वेळा नाही वापरत. आणि एक खिशात.

पाटा
अजून एकच. दुसऱ्यांदा बुडवताना परत सगळं टर्पेन्टाईन?

संथवाहिनी
नाही, तेच तर सुख आहे. पहिल्यांदा जेवढं कष्ट तेवढंच. नंतर कोरड्या कापडाने पुसायची आणि थेट मेणात. फारच मळली असेल तर आधी उकळत्या पाण्यात घालून हलवायची, जुनं मेण वितळून वर तरंगतं आणि माती खाली बसते. मग लगेच पुसून, पूर्ण वाळवून मेणात. ते पाणी मोरीत ओतू नका हं, पाइपात मेण गोठून बसतं. गार होऊ द्या, वरची साय उचलून टाका. मेणाच्या वडीचं पण तसंच, गोठलेली वडी भांड्यातून काढून उलटी केली की तळाशी करडा थर दिसतो, तो सुरीने खरवडायचा.

चिमणचारा
वाखुसा (वाचनखूण साठवली). पुढच्या सुट्टीत मुलगी आणि मी मिळून करणार आहोत, भांड्याजवळ मी आणि बरणी हलवायला ती.

उनाड_आरी
पाच आठवड्यांनी परत आले. आधी सगळ्यांना धन्यवाद, इतकं मनापासून कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

तीच चेन धुतली. चिकट झालेली असल्यामुळे टर्पेन्टाईनची सात पाणी लागली, सातव्याला बरणीपलीकडची खिडकी दिसली. अल्कोहोल दोनदा. कॅसेट पूर्ण काढून एकेक दात घासला, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला. रात्रभर वाळवली आणि सकाळी कानाशी हलवली. खटखट, छनछन म्हणजे काय ते कळलं!

वॅक्स हीटर मिळाला. बुडबुडे थांबायला माझ्याकडे अठरा मिनिटं लागली. ७० ला काढली. सांधे सोडवताना एक सांधा घट्टच राहिला, दोनदा हाताने वाकवला तेव्हा सुटला. पहिली राईड २० किमी, खरंच भुगा गळला आणि वरचे दोन गिअर अडखळले. त्यानंतर काहीच नाही. रस्त्यावर टायरचा आवाज ऐकू येतो एवढंच.

आत्तापर्यंत १,०४० किमी, परत तीनदा बुडवली. दोनदा ३०० च्या थोडं पुढे आवाज बदलला, तिसऱ्यांदा वाट न बघता ३०० ला काढली. एकदा भिजले, त्या रात्री अकरा वाजता हेअर ड्रायरने वाळवून पुसली, वर बाटलीतलं मेण सोडलं, सकाळी भगवी रेघ नव्हती. रेघोट्या, तुमच्यासाठी स्टीलच्या पट्टीने २४ सांधे मोजले, माझ्या डोळ्यांना ३०५ च्या रेघेच्या किंचित अलीकडेच दिसतंय. चेकरचा ०.५ चा दात टेकतो पण आत जात नाही.

आता दुसरी चेन आणलीये, आलटून पालटून वापरायला. तिचं अल्कोहोल चाललंय. दुसरं पाणी अजून किंचित राखाडी येतंय, चालेल का?

खटखट
चालणार नाही. परत टर्पेन्टाईनला जा, एक पाणी.

उनाड_आरी
जाते.